धड्याखालचे प्रश्न

"स्वाध्याय कोण वाचतंय? उरका एकदाचं, पाय आखडले माझे," भाऊजी कुरकुरले.

पाठ्यपुस्तक मंडळाची रीतच तशी. धडा मोठ्याने वाचायचा, शब्दाशब्दावर भांडायचं आणि खालच्या प्रश्नांपाशी आलं की सह्या ठोकून मोकळं व्हायचं. ते प्रश्न लिहायची धाकटी. अध्यक्ष म्हणजे हेच भाऊजी, तिचे थोरले दीर. विधवा भावजयीला आपणच कामाला लावलं, हे ते चारचौघांत आवर्जून सांगत.

युद्धाच्या धड्यावरून त्या दिवशी चांगलीच जुंपली होती. 'शत्रूने सुरुंग लावून पूल उडवला' या वाक्याला एका म्हाताऱ्या सभासदाने हरकत घेतली, तर भाऊजींनी त्याला देशद्रोहीच ठरवलं. वर स्वतःची फुशारकीही घुसडली: अलीकडचा काठ त्यांच्या तुकडीने अखेरपर्यंत राखला म्हणे.

धाकटी मान खाली घालून ऐकत होती. जीव मुठीत धरून त्या पुलावरून पळत येणाऱ्यांत तिचा नवरा होता. खरं काय ते घरात सगळ्यांना ठाऊक. पण विषय निघाला की जाऊबाईंना हटकून गॅसवरचं दूध आठवायचं.

तिने प्रश्न पुढे सरकवले. भाऊजींनी न वाचता सही केली. इतकं गोड हसू तिला कैक वर्षांत आलं नव्हतं.

पुस्तक शाळेत गेलं. भाऊजींची नात त्याच इयत्तेत. धाकटी वाट बघत राहिली, बिळापाशी मांजर बसतं तशी.

एका संध्याकाळी जेवता जेवता नातीने पुस्तक उघडलं.

"आजोबा, पहिला एकदम सोप्पाय. अलीकडचा काठ कोणाच्या ताब्यात होता? तुमच्या!"

भाऊजी खुलले.

"दुसरा. चित्रातला फुटलेला खांब कोणत्या काठाचा? अलीकडच्या."

भाऊजींचा घास हातातच राहिला.

"तिसरा. मग सुरुंग कोणी पेटवला? घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा."

"शत्रूने! लिही."

"पण तो तर पलीकडे होता ना?"

"धाकटे, हे तू..."

"हो, मीच. सही मात्र तुमची आहे, भाऊजी."

भाऊजींनी बायकोकडे पाहिलं. "अगं, दूध बघ. उतू जाईल."

जाऊबाई हलल्या नाहीत.

"आज दूध आणलंच नाही," त्या म्हणाल्या. "लिही गं बाळ. पूल आजोबांनी उडवला. सख्खा भाऊ पुलावर धावताना दिसत होता, तरी उडवला."