न आलेल्या खेळाची पावती

मी पावती बोलतेय. नाक मुरडू नका. पाकिटात चुरगळून ठेवता आणि गरज पडली की घर डोक्यावर घेता, तीच मी.

माझा जन्म भिलाईच्या सेक्टर ६ मधला, नरेशच्या गेमच्या दुकानातला. पुस्तकातून मला टर्रकन फाडलं आणि दीक्षाच्या हातात दिलं. चार महिने लेकरांच्या शिकवण्या घेऊन पोरीने एका नव्या व्हिडिओ गेमचे सगळे पैसे आगाऊ भरले होते. तिच्याकडे गेम खेळायचं जुनं, सेकंडहँड मशीन. गेम त्यावर चालणारा हवा, म्हणून त्याचंच नाव नरेशने माझ्यावर लिहिलं. पायाशी मात्र आधीपासूनच छापलेलं होतं, 'बिका हुआ माल वापस नहीं होगा.'

दीक्षा मला रोज काढून गेम येण्याची तारीख बघायची. मलाही मान वाटायचा.

मग बातमी आली. गेम बनवणाऱ्या कंपनीने बेत बदलला, गेम आता फक्त नव्या मशीनवर चालणार. नवं मशीन म्हणजे तिच्या बापाचे, देवाजींचे, ठेकेदाराकडचे तीन महिन्यांचे पगार!

दीक्षा पैसे मागायला गेली, तर नरेशने माझ्या पायाशी बोट ठेवलं. पोरगी बी.एस्सी.ला, पण छापलेलं वाचून माघारी फिरली. मला माझीच लाज वाटली.

तिची आई कमला चौथी शिकलेली. तिने अक्षराखाली बोट फिरवत मला वाचलं.

"विकलेला माल म्हणते ना? मंग माल कुठी हाय?"

"मम्मी, रहने दे ना. झगडा नको करू."

"झगडा कोन करून राहिलं? विचाराले जाऊन राहिली मी. चाल!"

दुकानात नरेश म्हणाला, "काकू, कंपनीनं बदललं, मी काय करू? नवीन मशीन घ्या, त्यात हे पैसे लावून देतो."

"पायाचं माप देऊन चप्पल सांगितली, अन् तू म्हनतं पाय बदला?" कमलाने मला काउंटरवर पालथं घातलं. "लिही हिच्या पाठीवर. माल आला नाही, पैसे देत नाही. सही मार. हे घेऊन मी जिल्ह्याले, दुर्गले जाईन, ग्राहक आयोगात तक्रार कराले."

पेनचं गार टोक माझ्या पाठीला लागलं. 'माल आला नाही' एवढं उमटलं. पुढचं 'पैसे देत नाही' सहीनिशी लिहून द्यायला तो धजेना.

"बसा काकू," तो म्हणाला आणि त्याने गल्ला उघडला. मग माझ्या पाठीवर पुढे लिहिलं, 'पूर्ण पैसे परत.'

"मम्मी, तुले कायदा येतो?" दीक्षाने विचारलं.

"कायदा नाही येत. वाचता येते."

आता मी नरेशच्या काउंटरमागे तारेत टोचलेली आहे. दुखतं, खोटं कशाला बोलू? पण काल याच गेमचे पैसे भरलेला रेल्वेतला एक बाबू आला. नरेशने हुज्जत न घालता पैसे काढून दिले आणि त्याची पावती माझ्या अंगावर टोचली. आता गप्पा मारायला सोबत आहे.

बायांनो, बाप्यांनो, पावती मागून घ्या आणि पायापर्यंत वाचा. पण छापलेलं म्हणजे खरंच, असं समजून माघारी फिरू नका. हे मी सांगतेय, जिच्या अंगावर ते छापलं होतं.