बिडकीनच्या मातीचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे; पण माझ्यात आइस्क्रीम शोधू नका. छत्रपती संभाजीनगरच्या एका सरकारी विद्यापीठात, उणे ऐंशी अंशांच्या थंडीत मी मातीतले जिवाणू निजवून ठेवत असे.

मी आलो तेव्हा मला हार घातला, पेपरात फोटो छापून आला. त्या थाटाचा मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू?

खरं काम मिळालं ते पिशोरची राजनंदिनी पीएच.डी.ला आली तेव्हा. बिडकीनच्या शेतांतून ती माती आणी. कमी पाण्यातही तुरीला तग धरायला मदत करणारे जिवाणू तिला त्यात सापडले होते. सहा वर्षांची मेहनत तिनं छोट्या बाटल्यांत भरून माझ्या स्वाधीन केली. पुढं ती शेतं औद्योगिक वसाहतीत गेली.

मग माझा कॉम्प्रेसर घरघर करू लागला. यंत्र घ्यायला अनुदान मिळालं होतं, दुरुस्तीला मात्र कुणी देईना. त्यातून तीन वेगवेगळ्या कंपन्यांची दरपत्रकं मागवायचा नियम. आणि माझ्या कॉम्प्रेसरचा सुटा भाग बनवणारी कंपनी एकच! फाइल तीनदा परत आली. परिचर सोमनाथमामा बजाजनगरहून स्कूटरवर सुका बर्फ आणून माझ्या पोटात भरत. शेवटी मे महिन्यातल्या जोडसुट्टीत मी बंद पडलो.

सोमवारी दार उघडलं, तर सगळ्या बाटल्या कोमट. राजनंदिनीनं आठवडाभर काचेच्या थाळ्यांत जिवाणू वाढवून पाहिले. एकही वाढला नाही.

"रडू नका म्याडम," सोमनाथमामा म्हणाले. "पुन्ना जाऊ बिडकीनला. लई माती हाय तिथं."

"कुठली माती, मामा? त्या शेतांवर सिमेंट पडलंय."

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

आता मी जिन्याखाली, भंगाराच्या गाडीची वाट पाहत उभा आहे. राजनंदिनी एका कारखान्यात नोकरीला लागली. परदेशातून आणलेले जिवाणू तिथं पाकिटांत भरतात आणि ती पाकिटांवरच्या तारखा तपासते. देशाला जगाच्या पुढं न्यायचं, अशी भाषणं मी वरच्या सभागृहातून ऐकतो. तेव्हा फार वाईट वाटतं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी मोठ्या खुर्चीत बसेल. नवी यंत्रं जरूर घ्या, पण जुन्यांच्या दुरुस्तीलाही हात आखडू नका. माझी फाइल इतक्या टेबलांवरून फिरली. पण त्या बाटल्यांत काय आहे, हे एकानंही विचारलं नाही.