तुकड्याचं प्रमेय

सासऱ्यांच्या निरोपाच्या व्याख्यानाला सहा दिवस उरले असताना सुनेला त्यांच्या प्रमेयात चूक सापडली. एखादं चिन्ह उलटं पडलंय किंवा बेरीज हुकलीय, असली चूक नव्हे. तसल्या चुका सगळेच करतात आणि सगळेच पोटात घालतात. ही चूक पायातच होती. बरं, ती काही चूक शोधायला बसली नव्हती. स्वतःच्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाला एक संख्या हवी होती, ती काढायला तिने सासऱ्यांचा तीस वर्षांपूर्वीचा लेख उघडला, आणि एकोणिसाव्या पानावर तिची पेन्सिल अडली ती अडलीच.

प्रमेय काय होतं ते सांगायला हवं. घाबरू नका, सोपं आहे. अणूंची एक जाळी घ्या, कुठेच न संपणारी. तिची सगळ्यात शांत अवस्था आणि तिच्या वरची पहिली अवस्था, यांच्यात ऊर्जेची फट आहे की नाही, एवढाच प्रश्न. फट असली तर पदार्थ एका प्रकारे वागतो, नसली तर दुसऱ्या. पण न संपणारी जाळी बघितलीय कोणी? आपल्या हाती लागतो तो तिचा तुकडा. सासऱ्यांनी असं सिद्ध केलं होतं की जाळ्यांच्या एका ठरावीक कुळापुरतं बोलायचं तर एका मापाचा तुकडा पुरतो. तेवढा तपासा आणि खुशाल घरी जा, पुढचं अनंत तुम्हाला फसवणार नाही. विद्यापीठातल्या त्यांच्या विभागात सगळे त्याला तुकड्याचं प्रमेय म्हणत. सासऱ्यांचं नाव ज्या काही लोकांना माहीत होतं, त्यांना ते ह्या तुकड्यामुळेच माहीत होतं.

आता चूक. प्रत्येक जाळीला तिच्यापुरता पुरेसा असा एक तुकडा असतो, हे त्यांनी अठरा पानं खपून दाखवलं होतं, आणि ते चोख होतं. मग एकोणिसाव्या पानावर एकच ओळ होती: 'म्हणून साऱ्या कुळाला एकच माप पुरेल, हे उघड आहे.' उघड कसलं डोंबलाचं! प्रत्येक कुलपाला किल्ली आहे म्हणून सगळ्या कुलपांना एकच किल्ली लागेल, असं कोणी सांगितलं?

सुनेने आधी स्वतःलाच वेड्यात काढलं. मग दोन दिवस खपून तिने त्याच कुळातली एक जाळी रचली, जिच्या अणूंच्या मांडणीतच एका गणिताच्या पायऱ्या विणलेल्या होत्या. गणित चालू आहे तोवर जाळीत फट दिसत राहते. ते थांबलं तर फट मिटते, पण थांबण्याची पायरी ज्यात येते एवढा मोठा तुकडा हाती असेल तरच ते कळतं. आणि कोणतं गणित कधी थांबेल हे आधीच सांगणारी सरसकट रीत असूच शकत नाही, हे तर त्या विभागात पहिल्या वर्षाला शिकवतात. म्हणजे तुम्ही कोणतंही माप सांगा, त्याला पुरून उरणारी जाळी ती काढून दाखवू शकत होती. तिच्या पाच प्रकरणांपैकी दोन ह्याच प्रमेयावर उभी होती, आणि त्यातल्या एकात तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'हे उघड आहे.' दुसऱ्याचं वाक्य उचलताना त्याच्याबरोबर आपण काय काय उचलतो, हे कोण बघतं?

ह्यातली खरी पंचाईत नात्याची होती. सासरे त्याच विभागात, सूनही त्याच विभागात. ती आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्या मुलाची बायको. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि ह्या दोघांच्या गप्पा सुरू झाल्या की ताट उचलून रेडिओपाशी जाऊन बसायचा. विभागात तिला शिपायापासून प्रमुखांपर्यंत सगळे 'सूनबाई' म्हणत. म्हणत ते लाडाने, पण त्या लाडात एक बारीक टाचणी असायची, की हिला काय, घरातच शिकवणी आहे. ती टाचणी तिला सहा वर्षं टोचत होती.

आणि त्यात ते निरोपाचं व्याख्यान. त्या विभागाची एक जुनी रीत होती. निवृत्त होणाऱ्याने आपला सगळ्यात चांगला निष्कर्ष कागद न घेता, नुसत्या खडूने फळ्यावर सिद्ध करून दाखवायचा. ऐकणाऱ्याला एखादी पायरी पटली नाही तर त्याने जागेवर उभं राहायचं. बोलायचं काही नाही. बोलणाऱ्याने तिथे थांबायचं आणि आपलं कुठे चुकलं ते आपणच शोधायचं, आणि उभा राहिलेला खाली बसेपर्यंत पुढे जायचं नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांचं म्हणणं असं की शंका बोलून दाखवली की वाद होतो, आणि वादात ज्याची जीभ चांगली तो जिंकतो. पुढे पुढे ह्या रीतीची निव्वळ गंमत झाली होती. म्हातारे मित्र पहिल्याच ओळीला उभे राहायचे, हशा पिकायचा, की झालं. खरोखरीचं कोणी उभं राहून वीस वर्षं तरी झाली असतील.

तिला घरीच सांगून टाकायचं होतं. मंगळवारी नाश्त्याला तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की ते एकच माप नक्की कुठून येतं. सासऱ्यांनी पावावर लोणी लावता लावता समजावलं. इतकं गोड, इतकं नेटकं समजावलं, की तिचीच चूक झाली असं तिला वाटलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. विभागात पोचल्यावर तासाभरात तो पुन्हा बाहेर आला. गुरुवारी तिने पुन्हा विषय काढला. ह्या वेळी त्यांनी कागदी रुमालावर आकृती काढली, ती पुन्हा पटली, आणि पुन्हा दुपारपर्यंत पटेनाशी झाली. सासऱ्यांची जीभ तशीच होती. त्यांच्यापुढे चुकीची गोष्टसुद्धा शहाण्यासारखी बसायची. ते खोटं बोलत नव्हते, हे तिला माहीत होतं. त्यांना ते खरोखरच दिसत होतं, आणि जे स्वच्छ दिसतं त्याकडे माणूस पुन्हा कशाला बघेल?

सासूबाई रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. सुनेचा चेहरा बघून त्यांनीच स्वयंपाकघरात तिला धरलं आणि काय ते विचारलं. सुनेने कुलूप-किल्लीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ओट्यावरचं फडकं पिळलं आणि म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही. पण तुला खात्री आहे ना?"

"आहे."

"मग त्यांना कळायलाच हवं. परक्याकडून कळण्यापेक्षा तू सांग."

व्याख्यानाच्या आदल्या संध्याकाळी ती सांगायला गेलीही. सासरे खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि रिकाम्या हवेत बोटाने प्रमेय लिहीत होते. एकोणिसावं पान आलं तेव्हा त्यांनी तो हात असा काही झाडला, की तीस वर्षं उतरली अंगावरून. ती दारातूनच परतली. हे तिचं चुकलंच, ते लपवण्यात अर्थ नाही. तिला त्यांची माया होती, आणि मायेने तिचे पाय ओढले. रात्रभर विचार करून तिने ठरवलं, की उद्या गप्प बसायचं आणि मग पुढच्या महिन्यात कधीतरी सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला सभागृह भरलं. लाकडी पायऱ्यांची बाकं, पुढे तीन फळे, एक वरखाली सरकणारा. लिफ्टवाला नवरा सुट्टी काढून आला होता आणि आईशेजारी बसला होता. सून विद्यार्थ्यांत, चौथ्या रांगेत. सासऱ्यांनी खडू उचलून पहिल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात 'प्रमेय' लिहिलं, आणि लगेच त्यांचे दोस्त, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते दात काढत उभे राहिले. हशा झाला. सासऱ्यांनी कमरेवर हात ठेवून वाट पाहिली, दादा बसले, काम सुरू झालं.

आणि काम सुरेख चाललं होतं. पहिली अठरा पानं त्यांनी तीन फळ्यांवर अशी मांडली की मागच्या बाकावरच्या पोरांनीही लिहिणं थांबवून बघायला सुरुवात केली. सून ऐकत होती आणि तिला त्यांचा अभिमान वाटत होता. तिला वाटलं, राहू दे. मग समोरच्या रांगेतल्या पहिल्या वर्षाच्या मुलीकडे तिचं लक्ष गेलं. ती मुलगी सगळं वहीत उतरवून घेत होती, शब्दन् शब्द. सासरे वळले, तोच हात झाडला, आणि म्हणाले, "म्हणून साऱ्या कुळाला एकच माप पुरेल, हे उघड आहे." त्या मुलीने 'हे उघड आहे' लिहून खाली रेघ मारली. सून उभी राहिली.

पुन्हा थोडं हसू उमटलं. सासरेही हसले. "सूनबाई," ते म्हणाले, "घरी वेळ मिळाला नाही का?" आणि सभागृह आणखी हसलं. तिची कानशिलं तापली. सहा वर्षांत एकदाही त्यांनी तिला विभागात त्या नावाने हाक मारली नव्हती. ती हसली नाही आणि बसलीही नाही. तिने फक्त त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं.

त्यांनी तोंड उघडलं. समजावणार होते, मंगळवारसारखंच. पण समजावायला समोर प्रश्नच नव्हता. उत्तर द्यायचं तर कशाला द्यायचं? ती तर नुसती उभी. त्यांनी तोंड मिटलं आणि फळ्याकडे वळले. ओळीवरून बोट फिरवलं. मागच्या फळ्यावर गेले, तिथून परत आले. कोणीतरी खोकलं. प्रमुखांनी घड्याळ बघितलं. सुनेला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील. मग सासऱ्यांचं बोट 'एकच' ह्या शब्दावर थांबलं. ते तिथेच राहिलं. त्यांचे खांदे किंचित खाली आले, बस, एवढंच. पाठीमागून तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि ते बरंच होतं.

त्यांनी डस्टर घेतलं, पहिल्या फळ्यापाशी गेले, 'प्रमेय' पुसलं आणि तिथे लिहिलं: 'अटकळ'. मग सभागृहाकडे वळून साध्या आवाजात म्हणाले, "एकोणिसाव्या पानावर मी चुकलो. सिद्धता इथवरच आहे. विद्यार्थ्यांनी शेवटची ओळ खोडावी." सून खाली बसली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणालाच कळेना. शेवटी दादांनी सुरुवात केली, आणि मग त्या बराच वेळ वाजत राहिल्या.

चहाच्या वेळी तिच्याशी फारसं कोणी बोललं नाही. नवरा आईला गाडीने घेऊन पुढे गेला, कारण सासरे म्हणाले की आम्ही चालत येतो. आम्ही म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. सून आपली त्यांच्या बाजूने चालू लागली. छापखान्याची गल्ली, मग कालव्यावरचा पूल. तिथे तिला राहवेना.

"बाबा, मी सांगायचा प्रयत्न केला होता. दोनदा."

"आठवतंय की. दोन्ही वेळा मी तुला पटवलं." ते कठड्याला टेकले. "तिसऱ्यांदाही पटवलं असतं. बोलली असतीस तर आज सभागृहातही पटवलं असतं. मला ते येतं."

तिने मान हलवली. दुसरं काय करणार?

"तुझी किती प्रकरणं गेली?"

"दोन."

"पाचातली?"

"हो."

ते पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या प्रमेयाचा हवाला आजवर तीनशे बारा लेखांत आला. मी मोजत असे. तुझ्या सासूला विचार, दर वर्षी तिला आकडा सांगायचो आणि ती मला वेड्यात काढायची. तीनशे बारा. मला वाटायचं, इतक्या लोकांनी ते वाचलंय." ते तिच्याकडे वळले. "ते वाचलंस तू एकटीने. बाकी कोणीच नाही. लिहिल्यानंतर मीसुद्धा नाही."

सुनेला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. सासऱ्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. त्यांनाही काही आवरत नव्हतं, पण निमित्त त्यांनी चष्म्याचं केलं.

"आता ती तुझी जाळी सांग," ते म्हणाले. "तुझ्याकडे असणार. नुसत्या संशयावर तू उभी राहणारी नाहीस. सावकाश सांग. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."

तिने नाक पुसलं आणि पहिल्या अणूपासून सांगायला सुरुवात केली. घरी पोचायला त्यांना त्या दिवशी दीड तास लागला, आणि एरवी कोणाचं वाक्य पुरं होऊ न देणारा तो माणूस वाटभर खरोखरच एक शब्द बोलला नाही.