मेलेल्या नायिकेचं गाणं

"रवी, पडद्यावर तिनं तोंड उघडलं रे उघडलं की मी गाणार. तू उगाच खुणा करत बसू नकोस. मी एकदम ग्रँड आहे," नंदानं इकडच्या लोकांसारखं मला बजावलं. ग्रँड म्हणजे ठणठणीत.

परदेशातल्या आमच्या या ब्लँचर्डस्टाउन गावच्या हॉलमध्ये जुना स्पॅनिश सिनेमा दाखवायचा होता. तिकडच्या एका गाजलेल्या संगीत नाटकावरून काढलेला, आणि तोही मुका! त्या काळी म्हणे गायक पडद्याशेजारी उभे राहून गात. ते काम पिलार नावाच्या मैत्रिणीनं आमच्या बायकोच्या गळ्यात घातलं. दिवसभर कारखान्यात औषधाच्या गोळ्या तपासणारी ही बाई, पण घाबरणं तिच्या स्वभावातच नाही. बसमध्ये बसून तिनं स्पॅनिश गाणं पाठ केलं.

घाबरलो होतो मी, कारण समोर सासरे बसले होते. अप्पांनी उभा जन्म मिरजेत संगीत नाटकांत काढला. मुलीच्या गाण्याला मात्र त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. उद्या ते परत निघणार होते आणि या वयात पुन्हा येणं कठीणच.

"अप्पा काय म्हणतील गं?"

"काही नाही म्हणणार. आजवर कधी म्हणालेत?" ती हसली. मला ते हसू ऐकवेना.

दिवे गेले. पिलार पियानोवर बसली, लॅपटॉप माझ्याकडे. शेवटी अंथरुणाला खिळलेल्या नायिकेनं तोंड उघडलं आणि नंदाचा आवाज लागला. शब्द स्पॅनिश, हरकती थेट मिरजेच्या! गाणं संपलं, नायिकेनं प्राण सोडला.

तेवढ्यात अप्पा काठी टेकत उठले. बाहेर निघाले, असंच मला वाटलं.

"वन्समोर!"

पिलार दचकली. "काय म्हणतायत?"

"पुन्हा गा म्हणतायत."

"अरे, पण ती मेली ना!"

"आमच्याकडच्या नाटकांत मेलेलेसुद्धा उठून गातात," मी म्हटलं.

नंदानं अप्पांकडे पाहिलं नाही. पदरानं डोळे टिपले. "रवी, मागे घे," एवढंच म्हणाली.

मी सिनेमा मागे घेतला. मेलेली नायिका उशीवर उठून बसली. लोक हसले आणि नंदानं सूर लावताच गप्प झाले.

अप्पा मात्र खाली बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी मुलीचं अख्खं गाणं उभ्यानं ऐकलं.