कानिफची गाडी पुलापाशी अडते

भुताखेताच्या गोष्टी मला कुनी सांगायला लागलं की मी ग्राइंडर चालू करतो. देवळाली प्रवऱ्यात माझं वेल्डिंगचं शेड हाय, उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करतो. दिवसभर तिथं इतका आवाज की भूत आलंच तर त्याला माझ्या कानात वरडावं लागंल. हे आधीच सांगून ठेवतो, म्हंजे पुढचं ऐकून मला येड्यात काढू नका.

कानिफनाथ माझा लंगोटीयार. नागापूरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार हुता, कंपनीच्या बसनं जायचा-यायचा. शेवटच्या वर्षी त्याला भलतंच खूळ लागलं. सुट्टी असली की माझ्या शेडमंदी येऊन मिनी बाईक बनवायचा. मिनी बाईक म्हंजे गुडघ्याएवढी गाडी. पाइपाची फ्रेम, स्कूटरची लहान चाकं आनि शेतातलं तण काढायच्या एका पॉवर विडरचं जुनं इंजिन. चाळिशीला टेकलेला बाप्या, आनि बारक्या पोरागत गाडी करतोय! मी लई टिंगल केली. "कुनासाठी करतो रं?" म्हनलं, की हसायचा आनि म्हनायचा, "हौस हाय." फ्रेम झाली, इंजिन बसलं, ब्रेक लागला. नुसती चेन आनि चक्रं ऱ्हायली हुती. आनि एक दिस हा मानूस पहिल्या पाळीत मशीनपाशी खाली बसला, तो उठलाच न्हाई. हार्ट अटॅक म्हनले.

दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर हुते, पन खाली एक यीना. ऊन तापलं. मेव्हना म्हनला, "दाजी, सृष्टीचं शिक्षान मी पुरं करतो." सृष्टी म्हंजे कानिफची पोरगी. कावळा हालला न्हाई. त्याची आई, कडूबाई, पुढं झाली, "माझी काळजी करू नको बाबा, मी राहीन," म्हनली. तरी न्हाई. शेवटी त्याची बायको, माधुरी वहिनी, पदर सावरून पिंडापाशी गेली. "अवो, माझी काय चूक असंल ती पदरात घ्या. मी पुन्यांदा अबोला धरनार न्हाई," म्हनली. कावळ्यानं मान तिकडं वळवली. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. वहिनीचं तोंड पांढरंफटक पडलं.

गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तवा माझं डोस्कं सरकलं. दोस्त माझा, आनि त्याला गवताचा कावळा शिवनार? मी मोठ्यानं म्हनलं, "ए कानिफ्या, तुझी ती गाडी मी पुरी करतो. तुला पायजे हुती तशीच करतो. जा आता!"

कावळा झपकन खाली आला आनि भाताचा घास घिऊन गेला. समद्यांनी सुस्कारा टाकला. वहिनीनं न्हाई टाकला.

वाटंत ती माझ्याजवळ आली. "भावजी, बघितलं ना? माझ्यासाठी न्हाई आले. गाडीसाठी आले." मी म्हनलं, असं काय बोलता. तर तिनं मनातलं समदं वतलं. रोज सांजच्याला दोघं पाटाच्या रस्त्यानं रानात जायचे, गाईला घास आनायला. आख्खं गाव चिडवायचं, निघाली जोडी म्हनून. वहिनीची चाल म्हंजे वारं, आनि हा तिच्या बरूबरीनं चालायचा, गप्पा मारीत. मंग एक दिस चारीवरच्या, म्हंजे पाटाच्या फाट्यावरच्या, लहान पुलाच्या कठड्यावर बसला आनि म्हनला, "तू हो पुढं." दुसऱ्या दिवशी तेच. मंग तर घरातनंच निघंना. सुट्टीच्या दिवशी उठला की माझ्या शेडमंदी. वहिनीला वाटलं, नागापूरला दुसरी कुनीतरी हाय. भांडली, मंग बोलनंच टाकलं. आनि त्या अबोल्यातच तो गेला.

"त्यांचं मन माझ्यावरनं उडालं हुतं का?" ती म्हनली. "एवढं कळू द्या. हो म्हना न्हाईतर न्हाई म्हना. मंग मी कुनाला काही इचारनार न्हाई."

मी काय सांगनार, कप्पाळ? मला तरी कुठं ठावं हुतं!

गाडी मातर हाती घ्यावीच लागली. कावळ्यापुढं दिलेला शब्द हाय, चेष्टा न्हाई. आता यात मेख अशी, की अशा गाडीचा समदा सोभाव चेनीच्या दोन चक्रांत असतो. इंजिनावरचं लहान, चाकावरचं मोठं. मागचं चक्र लहान घेतलं तर गाडी पळती, पन चढाला रडती. मोठं घेतलं तर चढती, पन पळत न्हाई. दुकानदार त्याला रेशो म्हनतात. कानिफनं पुढं दहा दात्याचं बसवून ठेवलं हुतं. मागं किती, ते बोलला न्हाई. डब्यात दोन चक्रं ठेवलेली, एक चाळीस दात्याचं, एक साठ.

मला वाटलं, हौसेची गाडी हाय तर पळायलाच पायजे. चाळीसचं बसवलं. इंजिनाचे चार फेरे, चाकाचा एक. दुपारी पाटाच्या रस्त्याला काढली. रेस दिली की क्लच आपसूक धरायचा, आनि गाडी वासरागत उधळायची. मला पन हसू आलं. आनि चारीच्या पुलापाशी चेन उतरली.

बसवली, परत आलो, दोरी लावून दोन्ही चक्रं एका रेषेत हायेत का बघितलं. केसाचा फरक न्हवता. परत गेलो, परत पुलापाशीच चेन उतरली. रस्ता सपाट, खड्डा न्हाई, खडा न्हाई. मी इंजिन बंद करून वाकलो. आनि मला मागनं धाप ऐकू आली.

मानसाला धाप लागती ना, चढ चढून आल्यावर, तशी. मी वळून बघितलं. कठडा रिकामा. पाटाचं पानी चाललेलं, पलीकडं ऊस उभा. म्हनलं, इंजिन गार हुतंय, त्याचा आवाज असंल. पन गार हुनारं लोखंड टिकटिक करतं, दम खात न्हाई. आनि मी काय आज लोखंडाच्या कामात पडलोय?

साठचं बसवलं. आता इंजिनाचे सहा फेरे, चाकाचा एक. गाडी जरा शानी झाली, पाटाचा भराव पन चढली. गेलो पुलापाशी, आनि चेन खाली. धाप पुन्यांदा, आता तर कठड्यापाशीच, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. बसलेला मानूस असावा तिथनं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला आनि त्याच्या मागनं राग आला.

"ए कानिफ्या!" मी भर दुपारी त्या रिकाम्या पुलावर वरडलो. "तोंडानं सांग न्हाईतर गप बस! जित्ता हुतास तवा बोलला न्हाईस, आता काय छळतोस?"

धाप थांबली. ते जास्त वाईट हुतं.

त्या दिवशी वहिनी दुपारीच रानातनं येत हुती, डोक्यावर घासाचा भारा. तिनं मला चेन बसवताना बघितलं आनि जागीच उभी ऱ्हायली. "हितंच," ती म्हनली. "हितंच बसायचे ते." भारा तिनं खाली टाकला न्हाई, तशीच वलांडून गेली, माझ्याकडं न बघता. मी त्या दिवशी जेवलो न्हाई.

सकाळी शेडमंदी गाडी उलटी केली आनि पाईप न पाईप तपासला. फ्रेमच्या मधोमध कानिफनं दोन पट्ट्या वेल्ड केलेल्या, त्यात भोकं. आजवर मी समजत हुतो, पाय ठेवायला हायेत. पन पाय ठेवायला बेअरिंगची भोकं कोन पाडतं? त्या पट्ट्या मधला दांडा, म्हंजे शाफ्ट, बसवायला हुत्या. इंजिनावरनं एक चेन मधल्या शाफ्टला, आनि तिथनं दुसरी चेन चाकाला. म्हंजे गाडी अजून हळू. सहापेक्षा हळू? असली गाडी घिऊन मानूस करनार काय?

चक्रं त्यानं नागापूरला रविराजकडनं कापून आनली हुती, एवढं मला ठावं हुतं. रविराजचं लेझर कटिंगचं वर्कशॉप हाय, जिना चढून वर. मी कानिफचं नाव सांगितलं तसा तो म्हनला, "आला का मानूस तुमचा? कवाचा शाफ्ट तयार हाय. फोन लावतोय तर उचलीत न्हाई."

मी सांगितलं, कानिफ गेला. त्यानं उठून कागदात गुंडाळलेला शाफ्ट आनला. एका टोकाला पन्नास दात्याचं चक्र, दुसऱ्या टोकाला दहाचं. मी मनात हिशेब केला. दहाला पन्नास म्हंजे पाच, दहाला साठ म्हंजे सहा, पाच सक तीस. इंजिनानं तीस फेरे घेतले तर चाक एकदा फिरनार.

"मी म्हनलो त्याला," रविराज म्हनला, "अरे बाबा, ही गाडी म्हशीच्या पन मागं राहील. तर हसला. म्हनला, म्हशीचं काय करायचंय, मानसाच्या पायाबरूबर चालली पायजे. चालनाऱ्याला थांबाय लागू नये आनि पळाय पन लागू नये."

"दुसरं काय बोलला?"

रविराजनं जिन्याकडं बघितलं. "बोलनार काय, त्याला वर आल्यावर दमच लागायचा. त्या पायरीवर बसायचा, धापा टाकीत. जिभेखाली गोळी ठिवायचा. मी एकदा इचारलं तर म्हनला, हार्टचं हाय, पन कुठं बोलू नको. कंपनीला कळलं तर उद्याच्याला गेटच्या भायेर. आनि घरी कळलं तर बायको मला खाटंवरनं उतरू देनार न्हाई."

नगर-मनमाड रस्त्यानं येताना मी त्याला तोंडाला यील त्या शिव्या घातल्या. गाढवा, मला तरी सांगायचं. माझ्या शेडमंदी बसून दम खात हुतास, आनि मी तुला म्हनायचो, पोट सुटलंय तुझं, कमी खा. शिव्या देता देता मला रडू फुटलं. माझी मोटारसायकल बाजूला घिऊन मी टेम्पोवाल्यांच्या देखत रडलो.

दुसऱ्या दिवशी शाफ्ट बसवला, दोन्ही चेनी तानल्या, आनि सांजच्याला वहिनीच्या दारात गेलो. कडूबाई भायेर बसली हुती. म्हनलं, "वहिनी, घास आनायला निघालाच हाय, तर चला. बोलू नका. नुसतं चाला, रोज चालता तसं."

"मला त्या गाडीचं तोंड बघायचं न्हाई, भावजी."

"चाला म्हनतोय ना!"

मी कवा तिच्यावर वरडलो न्हवतो. ती चपला घालून निघाली, रागानं, तरातरा. मी गाडीवर बसलो, थोडी रेस दिली. क्लचनं धरलं आनि गाडी तिच्या शेजारनं निघाली. तिनं पाऊल टाकलं की गाडी तेवढीच पुढं. एक वीत मागं न्हाई, एक वीत पुढं न्हाई. मी रेस कमी-जास्त करायचं सोडून दिलं, तरी तेच. थोड्या वेळानं वहिनीनं गाडीकडं तिरक्या नजरेनं बघितलं. तिनं चाल वाढवली न्हाई आनि कमी पन केली न्हाई.

पूल आला. वहिनीचं पाऊल जरासं अडखळलं. गाडी काही अडखळली न्हाई. कठडा मागं पडला. चेन जागेवर.

पुलाच्या पलीकडं मी तिला समदं सांगितलं. हार्ट, गोळी, रविराजचा जिना, कंपनी. "तो चालू शकत न्हवता, वहिनी. म्हनून 'तू हो पुढं' म्हनायचा. आनि तुमच्या बरूबर यायचं हुतं म्हनून ही गाडी करत हुता. हौस म्हनून सांगायचा, म्हंजे कुनाला कळू नये. दुसरी कुनी न्हाई, काही न्हाई. तुमच्या पायाच्या मापानं बनवलीय ही."

हात पुढं करून तिनं हँडल धरलं, मला उतरायचा इशारा केला. मी उतरलो. इंजिन चालूच हुतं. वहिनी हँडल धरून चालायला लागली, आनि गाडी तिच्या शेजारनं, दोघंबी एका चालीनं. मी मागं ऱ्हायलो. मागनं मला सीट दिसत हुती. मी उतरलो हुतो, तरी सीटच्या स्प्रिंगा दबलेल्याच हुत्या. खरं सांगतो, आता काय म्हनायचं ते म्हना.

वहिनीनं पन बघितलं असावं. तिनं दुसरा हात उचलला आनि सीटच्या वर, मानसाची पाठ असती तिथं, टेकवला. मंग ती रडत रडत, भांडल्यागत म्हनली, "सांगायचं हुतं की वो. मी हळू चालले असते."