नागिणीचा पत्ता

उदगीरच्या सिद्रामप्पांना नागीण उठली, आणि तीही कुठं उठावी? बरोबर बसायच्या जागी! कापडाच्या दुकानात गादीवर अर्धं आयुष्य काढलेल्या माणसावर याहून मोठा अन्याय कुठला? पण समाजाच्या दोन-तीन संस्थांच्या अध्यक्षानं असली जागा तोंडानं सांगायची कशी? त्यांनी गावभर सांगितलं, कंबरेला उठलीय.

मग नागीण उतरवणारे गुरुलिंगप्पा आले. त्यांनी गेरू कालवला, मंत्र पुटपुटला आणि कंबरेभोवती लालभडक रेघ ओढली. "आता तोंडाला शेपूट भिडत न्हाई," ते म्हणाले. कंबर आधीपासून ठणठणीत होती, ती तशीच राहिली. खाली फोड निवांत पिकत होते, आणि सिद्रामप्पा कुशीवर पडून लोकांचे नमस्कार घेत होते.

पुढं लघवी अडली. ही तर त्याहून अवघड गोष्ट! पोट तट्ट फुगलं, तरी ते म्हणाले, अपचन झालंय. बायकोनं, शिवकांताबाईंनी, ओवा दिला. ओवा तरी काय करणार बिचारा! शेवटी ते भिंत धरून कण्हायला लागले, तेव्हा बाईंनी खरं काढून घेतलं आणि गाडी बोलावली.

लातूरला डॉक्टर निघाली तरुण बाई, स्वप्नाली. तिनं विचारलं, "फोड कुठं आहेत, काका?"

"कंबरेला," सिद्रामप्पा भिंतीकडं बघत म्हणाले.

"खोटं बोलायलेत!" शिवकांताबाई कडाडल्या. "बुडाला हायत. अन् कालपासून लघवी न्हाई."

डॉक्टरीणबाई हसली नाही. "तिथल्याच नसा मूत्राशयाला जातात. नागिणीनं त्या सुजवल्यात. लवकर आला असता, तर गोळ्या जास्त लागू पडल्या असत्या."

नळी घातली. पिशवी भरत गेली आणि सिद्रामप्पांच्या डोळ्यांना धारा लागल्या. एवढं सुख त्यांना अध्यक्षपदाच्या हारांनीही दिलं नव्हतं.

नसा बहुतेक सावरतात, पण नळी काही आठवडे ठेवावी लागेल, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं. तेवढे दिवस घरी कुणी भेटायला आलं की पिशवीवर उपरणं पडायचं.

मग लातूरलाच नळी निघाली. आता आपली आपण झाली तर ठीक, नाहीतर पुन्हा नळी. सिद्रामप्पा संडासात शिरले. बाहेर शिवकांताबाई जप करत उभ्या राहिल्या. बराच वेळ आत काहीच हालचाल नव्हती. बाईंनी दाराला कान लावला.

तेवढ्यात आतून, माइकशिवाय सभा गाजवणारा तो आवाज आला, "शिवकांता! झाली गं! लघवी झाली!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"हाव, आख्ख्या लातूरनं ऐकलं," शिवकांताबाई म्हणाल्या, आणि दाराला कपाळ टेकून ढसाढसा रडल्या.