चौथा कोपरा

मी एक जुना हापा आहे. मला बघून नाक मुरडलंत तरी चालेल, पण माझी कीव करू नका. ती मला खपत नाही.

हापा म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. ताटातला मासा सगळ्यांना दिसतो, मित्रांनो. तो जन्मला कुठे हे विचारायला कुणाला सवड असते? मी म्हणजे मच्छरदाणीच्या कापडाची शिवलेली एक मोठी पेटी. चार बांबूंना बांधून मला तळ्यात सोडतात. अंग पाण्याखाली, तोंड पाण्याच्या वर. पावसाळा आला की अंड्यांनी पोट भरलेली मादी आणि तिच्यासोबत नर, यांना अंडी सुटायच्या औषधाची सुई टोचून माझ्यात ठेवतात आणि माझं तोंड नाड्याने आवळतात. पहाटेपर्यंत अंडी होतात. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दिसतात ती. मग त्यातून जिऱ्याएवढी पिल्लं निघतात. त्यांना आमच्याकडे जिरंच म्हणतात. माझ्या पोटातून किती जिरं बाहेर पडलं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

माझा मुक्काम भिवापूरच्या पुढे, डांबरी रस्ता जिथे हात टेकतो त्याच्याही पुढे, एका मत्स्यबीज केंद्रात आहे. केंद्र म्हणजे टिनाचं एक शेड, एक पक्की खोली आणि पाच-सहा लहान तळी. त्यांना लागून मातीची उंच पाळ. पाळीच्या पलीकडे मोठा तलाव आणि तलावापलीकडे जंगल. फोनला रेंज हवी असेल तर पाळीवर चढून हात वर करावा लागतो. समुद्र इथून इतका दूर की आमच्या माशांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

मला शिवलं मैनाबाईने. ती आणि तिचा नवरा श्रावण मूळचे उमरेडचे. पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर करवतकाठी लुगडी विणणारं घर ते. मागाला गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा श्रावणने माग विकला, मागाखालचा खड्डा मातीने बुजवला आणि तो या केंद्रात कामाला आला. मैनाबाईने माग जाऊ दिला, पण लुगड्यांच्या काठांचं एक गाठोडं मात्र सोबत आणलं. लाल काठ, त्यावर करवतीच्या दातांसारखी नक्षी.

मला शिवताना तिने तो काठ काढला आणि माझ्या तोंडाला सगळीकडून लावला. नाडा त्यातूनच ओवला.

श्रावण बघतच राहिला. "काहून वं, याले काठ लावून राहिली तू? हे का लुगडं आहे?"

"बिनकाठाचं कापड माह्या हातून उतरत नाही," ती म्हणाली. "मी का करू?"

पण तिची खरी करामत पुढेच होती. माझे खालचे तीन कोपरे तिने दुहेरी टाक्यांनी पक्के शिवले. चौथा कोपरा हातभर उघडाच ठेवला, आणि मागावरून उरलेल्या सुताच्या दशांनी तिथे एक गाठ मारली. घट्ट, पण दशीचं टोक धरून ओढलं की सुटणारी. दशा आतही लोंबायच्या आणि बाहेरही.

केंद्राचे मालक उन्मेषभाऊ. नागपूरला प्रताप नगरात त्यांचं घर. घरातले सगळे कचेरीत नोकरी करणारे. यांनीच तेवढी चांगली नोकरी सोडून माशांचा ध्यास घेतला होता. त्यांनी मला उचलून नीट पाहिलं आणि तो कोपरा त्यांच्या डोळ्यांत खुपला.

"मैनाबाई, हा एक कोपरा शिवायचा राहिला ना."

"राह्यला नाही भाऊ, ठेवला."

"अहो, सगळं जिरं निघून जाईल यातून."

"नाही जात. आमच्यात मागावरचं कापड पुरं तोडत नाही. दशा राखून ठेवा लागते, मंग नव्या लुगड्याची ताणी, उभे धागे, त्याच दशांले जोडता येते. चारही बाजूनं बंद कापड माह्यानं करवत नाही."

उन्मेषभाऊंनी कपाळावर हात मारला. मासे धरायच्या पिशवीला भोक ठेवणारी बाई त्यांनी तोवर पाहिली नव्हती. लोकही हसले. साडी नेसलेला हापा म्हणून मला चिडवायचे. हसा म्हटलं. पहिल्याच पावसाळ्यात सगळ्यांची तोंडं बंद झाली. इतर हाप्यांमधलं जिरं वाटीने उपसून काढावं लागे, त्यात बरंचसं मरे. माझ्याकडे मैनाबाई कमरेएवढ्या पाण्यात उतरायची, दशीचं टोक ओढायची आणि चौथ्या कोपऱ्यातून जिरं आपलं आपण तळ्यात निघून जायचं. एकाही जिवाला हात लागत नसे. उन्मेषभाऊ मग पाहुण्यांना आधी मलाच दाखवू लागले. तेव्हा मी जरा फुगलोही होतो, खोटं कशाला बोलू?

माझ्यात दर पावसाळ्यात येणारी कटला जातीची एक मादी होती. तिला सगळे मोठी म्हणत. डोकं रुंद, अंगावर नखाएवढे खवले. ती आत आली की माझे चारही बांबू हलायचे. तिचं अंग माझ्या कापडाला घासलं की मला कळायचं, आज काम आहे. आमचं दोघांचं जमलं होतं.

पाणमांजर मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. पाळीच्या कडेला बेशरमीची दाट झुडपं आहेत, त्यातून एक मादी पाणमांजर यायची. एकदा सकाळी तिने पाण्याखालून येऊन आपलं मिशाळ तोंड माझ्या जाळीला लावलं आणि आत पाहिलं. मी घाबरलो. तिचे पंजे पंजे वाटतच नव्हते, बोटं असलेले हात होते ते. तिने माझी एक दशी हातात धरली, हुंगली, सोडून दिली आणि शीळ घालून निघून गेली. वस्तूला कुणी इतक्या कुतूहलाने बघत नाही, मित्रांनो. माणसं तर नाहीच नाही. मला ती आवडली.

मग दिवस पालटले. बाजारातून नायलॉनचे तयार हापे आले. हलके, हिरवेगार, चारही कोपरे मशीनने शिवलेले. मी शेडमध्ये खिळ्याला लटकलो. माझ्या अंगात उंदरांनी घर केलं. मोठीही म्हातारी झाली. सलग दोन पावसाळे तिने अंडी दिली नाहीत. तिला विकायचं म्हटलं तर एवढ्या म्हाताऱ्या माशाला चव नसते म्हणे. जन्मभर राबवून घेतल्यावर माणसं चवीची गोष्ट काढतात, याचा मला आजही राग आहे.

गेल्या उन्हाळ्यात तलावाचं पाणी फार खाली गेलं. मासे आटले. पाणमांजराला बेशरमीत पिल्लं झालेली, त्यांना खाऊ घालायचं होतं. पाळीतून तळ्यात पाणी येण्यासाठी जी खाच ठेवलेली आहे तिच्यातून ती आत शिरू लागली आणि अंड्यांसाठी राखून ठेवलेल्या माद्या एकेक करून नेऊ लागली. उन्मेषभाऊंचं पुढच्या पावसाळ्याचं सगळं कामच त्या माद्यांवर होतं. त्यांनी फटाके वाजवून पाहिले, कुत्रा आणून पाहिला. कुत्रा दुसऱ्या दिवशीच गावात पळून गेला. त्यांची झोप उडाली होती, हे मी मान्य करतो. पण त्यानंतर त्यांनी जे ठरवलं ते मी मान्य करत नाही.

"जुना हापा काढा, श्रावणभाऊ," ते म्हणाले. "आत मोठीला सोडा. तोंड पाण्याखाली ठेवा. पाणमांजर आत शिरलं की नाडा ओढायचा आणि खालीच दाबून धरायचं. जाळ्यात अडकून मेलं म्हटलं की कोणी विचारणार नाही."

म्हणजे मित्रांनो, एक म्हातारी मासोळी आमिष आणि एक म्हातारा हापा फास. दोघेही आता कशाच्या कामाचे नाहीत, तर निदान मारायच्या कामाला येऊ द्या, असा तो विचार. माझ्या पोटात जन्म झाले होते. तिथे आता कुणाला तरी बुडवून मारायचं होतं. मी खिळ्यावरून खाली उतरलो तो अंगातली सगळी धूळ श्रावणच्या डोळ्यांत उडवतच.

मैनाबाई मिरच्या वाळत घालत होती. श्रावण मला खांद्यावर टाकून निघालेला पाहून ती आडवी आली.

"हे मी जीव जगवाले शिवलं. माराले नाही शिवलं."

"मले का हौस आहे का वं?" श्रावण म्हणाला. "हे काम गेलं तं कोठं जाऊ? माग तं मीच इकला."

"तिचे पिल्लं शिट्या मारून राहिले तिकडं. तुमाले आयकू येत नाही का?"

"येते," तो म्हणाला. आणि तरीही तिला वळसा घालून गेला.

सकाळ होती. ऊन अजून कोवळं होतं. मला पाण्यात बांधलं, मोठीला आत सोडलं. ती मला ओळखून शांत तरंगली. बिचारीला वाटलं असेल, पावसाळा आला. उन्मेषभाऊ पाळीवर उभे, श्रावण नाड्याचा दोर धरून झुडपाआड.

पाणमांजर आली. थेट आली. मी किती ओरडलो असेन, पण कापडाला आवाज नसतो. ती माझ्या तोंडातून आत शिरली आणि श्रावणने दोर ओढला. माझं तोंड आवळलं गेलं. मैनाबाईने हौसेने लावलेला तो लाल काठ, माझा दिमाख, त्यानेच फास घट्ट केला. तो तुटेना. हातमागाचं सूत ते, कसं तुटणार?

ती आत उलटीपालटी झाली. तिने मला चावलं, ओरबाडलं. फाड म्हणत होतो मी, हवं तिथे फाड. मोठी एका बाजूला दबून होती. पाणमांजराच्या नाकातून बुडबुडे निघत होते, आधी खूप, मग कमी. बेशरमीतून पिल्लांच्या शिळा येत होत्या. त्या पाण्याखालीही ऐकू आल्या.

मग तिच्या हाताला दशी लागली. तीच, जी तिने कधीतरी हुंगून सोडली होती. तिने ती धरली आणि ओढली.

लोक म्हणतात, गाठ सुटली. जुनं सूत, कुजकं कापड, सुटणारच. म्हणोत. मी सांगतो, गाठ मी सोडली. इतकी वर्षं मोठीच्या धडकांनी जी सैल झाली नाही, ती मी त्या क्षणी सैल होऊ दिली. चौथा कोपरा उघडला. पाणमांजर बाहेर निसटली, पाळीच्या खाचेतून पलीकडे गेली आणि तिने तलावात डोकं वर काढून खोल श्वास घेतला. तिच्यामागून मोठी निघाली, सावकाश, आपल्या चालीने. तीही त्याच खाचेतून तलावात गेली. पाणमांजराने तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

उन्मेषभाऊ धावत खाली आले. मला पाण्यातून ओढून त्यांनी तो कोपरा पाहिला. मैनाबाईही तोवर येऊन उभी राहिली होती.

"सुई आणा," ते म्हणाले. "हा कोपरा आत्ताच्या आत्ता शिवा. उद्या पुन्हा लावायचा."

"नाही शिवत," मैनाबाई म्हणाली.

"श्रावणभाऊ, तुम्ही शिवा. तुम्हाला येतं."

श्रावणच्या तळहातावर दोराचा वळ उठला होता. तो त्याच्याकडेच बघत होता. मग त्याने दोर उचलला आणि मालकांच्या हातात दिला.

"भाऊ, एकडाव म्या ओढला. आता तुमीच ओढा. मले नाही होत."

उन्मेषभाऊ दोर घेऊन उभे राहिले. बेशरमीत पिल्लांच्या शिळा अजून चालूच होत्या. आई त्यांच्यापाशी पोचली असावी, कारण थोड्या वेळाने त्या थांबल्या. उन्मेषभाऊंनी दोर खाली ठेवला.

"जाळून टाका मग याला," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, आणि निघून गेले.

जाळलं मला? तुमच्याशी बोलतोय तो कोण मग? मैनाबाईने मला धुतलं, उन्हात मिरच्यांशेजारी पसरलं. दुसऱ्या दिवशी तिने आणि श्रावणने मिळून मला पाळीतल्या त्या खाचेत, चार नव्या बांबूंवर, आडवं ताणून बांधलं. पाणी माझ्यातून येतं, पाणमांजर येऊ शकत नाही. एवढं साधं होतं ते, मित्रांनो. उन्मेषभाऊंनी येऊन बांबू हलवून पाहिले. जाताना माझा चौथा कोपरा सैल दिसला म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने दशांची गाठ मारली. त्यांना नीट जमली नाही, तरी मी ती धरून ठेवली आहे.

आता पाऊस पडून तलाव भरला आहे. पाणमांजर सकाळी पिल्लांना घेऊन पलीकडून जाते. कधी माझ्यापाशी थांबून दशी हुंगते आणि पुढे निघते. मोठी कुठे आहे, जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही.

अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तूंनी हात जोडायचे असतात, आम्हाला सांभाळा म्हणून. मी नाही जोडणार. सांभाळायचं तर त्या शिळा घालणाऱ्यांना सांभाळा, आणि जन्मभर राबलेल्या म्हाताऱ्यांना आमिष करू नका. माझं मी बघून घेईन. आणि कुणी सुई घेऊन माझा चौथा कोपरा शिवायला आलंच, तर खुशाल शिवा. मी पुन्हा तिथेच फाटेन.